वीस तारखेनंतरचे दहा दिवस

पत्र थोडक्यात : सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. मिस्टर अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहेत. पगार दर शनिवारी होतो, ५,२०० रुपये. त्यातले ४,८०० ताईंच्या हातात येतात. ताई घरी ब्लाउज आणि फॉल-पिकोची कामं करतात, त्याचे महिन्याला साडेसहा हजार जमतात. घरात सासूबाई, नववीत जाणारी मुलगी आणि चौथीत जाणारा मुलगा. घर स्वतःचं आहे. गेल्या वर्षी बचत गटातून महिना शेकडा दोन व्याजाने ३०,००० रुपये घेतले. हप्ता २,२०० चा, अजून सात हप्ते बाकी आहेत. जानेवारीपासून मे अखेरपर्यंत ताईंनी पै-पैचा हिशेब वहीत लिहिला, पण वीस तारीख उलटली की हात रिकामाच. मिस्टर म्हणतात, "तुझा हात सैल आहे." ताई विचारतात : दूध एक लिटरवरून अर्ध्यावर आणू का? मुलीचा क्लास बंद करू का? गल्लीतल्या पंधराजणींची २,००० रुपयांची भिशी धरू का? सोबत वहीच्या पाच महिन्यांच्या पानांचे फोटो आहेत.

उत्तर :

ताई, वही इतकी नेटकी आहे की तुमचा हात सैल असेल असं वाटत नाही. पण ती लिहिल्याने खर्च आटोक्यात येईल, ही अपेक्षा चुकीच्या जागी आहे. वही झालेला खर्च सांगते, पुढे येणाऱ्या खर्चाबद्दल ती गप्प असते. १४ मार्चचं पान बघा : दूध ६०, कोथिंबीर १०, रिक्षा ४०, आहेर ५०१. कोथिंबीर आणि आहेर एकाच रांगेत बसले आहेत. कोथिंबीर उद्याही लागणार. आहेर लग्नसराईत येतो आणि मग चार महिने फिरकत नाही. दोन्हींची एकत्र बेरीज केली की कोणता महिना जड गेला एवढं कळतं, का गेला ते कळत नाही.

म्हणून तुमची पानं दोन भागांत वेगळी करून पाहिली.

पहिला भाग दर महिन्याला ठरलेल्या खर्चांचा. किराणा ६,२००, भाजी २,२००, दूध १,८००, पेट्रोल १,५००, वीज सरासरी १,४५०, मुलीचा क्लास १,२००, सासूबाईंची औषधं १,१००, शाळेची रिक्षा १,०००, मोबाईल-केबल ९००, गॅस ८५०, पाण्याचे जार ५००, किरकोळ १,६०० आणि गटाचा हप्ता २,२००. एकूण २२,५००.

दुसरा भाग वर्षातून एकदा-दोनदा येणाऱ्यांचा. शाळेची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश १६,०००. दिवाळी १२,०००. आहेर आणि लग्नाला जाणं-येणं ९,०००. विम्याचा हप्ता ६,०००. अचानकचा दवाखाना ६,०००. गौरी-गणपती, पंचमी, दसरा मिळून ५,०००. घरपट्टी-पाणीपट्टी ४,५००. गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ४,०००. कूलर, मोटर, नळ यांची दुरुस्ती ३,०००. संक्रांत आणि सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेतली खरेदी १,५००. काही आकडे पत्रातले, काही वहीवरून अंदाजाने धरलेले. तुम्ही दुरुस्त करा. बेरीज ६७,००० होते, म्हणजे महिन्याला ५,५८३.

आता मिळकत. मिस्टरांचा पगार आठवड्याचा, म्हणून तुम्ही चार शनिवार धरून महिन्याचे १९,२०० लिहिले आहेत. वर्षात शनिवार मात्र ५२ असतात, त्यामुळे वर्षातल्या चार महिन्यांत पाचवा पगार येतो. तो महिना सुखाचा जातो आणि पैसे कुठे विरले कळत नाही. दुसऱ्या बाजूला दिवाळीत कारखाना बंद, कधी सुताचा भाव चढला म्हणून पाळ्या कमी. असे तीनेक आठवडे बिनपगारी जातात. राहिले ४९ पगार, म्हणजे महिन्याला १९,६००. शिलाईच्या साडेसहा हजारांतून अस्तर, हूक, दोरा, कॅनव्हास यांचे हजारभर वजा करा. ते तुम्ही घरखर्चात टाकले आहेत, खरे तर ते धंद्याचे. हातात ५,५०० राहतात. एकूण मिळकत २५,१००.

खर्च २२,५०० अधिक ५,५८३, म्हणजे २८,०८३. दर महिन्याला जवळजवळ ३,००० कमी पडतात. वीस तारखेनंतरचे तुमचे दहा दिवस ते हेच.

या तीन हजारांत २,२०० गटाच्या हप्त्याचे आहेत. तुम्हीच लिहिलंय की ते ३०,००० गेल्या जूनच्या फीसाठी आणि दिवाळीसाठी घेतले, म्हणजे वर्षाच्या खर्चांसाठीच. एका वर्षी न साठवलेले पैसे पुढच्या वर्षी शेकडा दोनने फेडायचे, आणि फेडता फेडता पुढचे साठत नाहीत म्हणून पुन्हा काढायचे. सोळा हप्ते मिळून ३५,२०० जातात. फी तीच, पण पाच हजार जास्त मोजून. हप्ता संपला की तुमची खरी तूट महिन्याला ८०० रुपयांच्याही आत येते. तेव्हा उधळपट्टी कुणाची, हा वाद मिटवा. घर उधळं नाही, मागच्या वर्षाचं ओझं वाहतंय.

मग दुधाचं काय? अर्धा लिटर कमी केलंत तर ९०० वाचतील, पण तूट तीन हजारांची. शिवाय घरात दोन वाढती मुलं आणि एक म्हातारं माणूस आहे. दूध राहू द्या. क्लासही राहू द्या. नववीत गणित सुटलं तर दहावीला दुप्पट पैसे मोजावे लागतील. काटायला सोपं असतं तेच आधी काटावं, ही चूक बहुतेक घरांत होते. दूध-भाजी रोज डोळ्यांसमोर असते, म्हणून तीच महाग वाटते.

भिशीबद्दल स्पष्टच सांगते : जानेवारीपर्यंत नको. पंधराजणी, २,००० रुपये, म्हणजे दर महिन्याला एकीला मिळणारा ३०,००० चा डाव. तुमची आजची ओढ बघता तुम्ही तो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात उचलणार, आणि मग ती बचत उरत नाही, गटाच्या हप्त्याशेजारी बसलेला दुसरा हप्ता होतो. दोन्ही मिळून ४,२००. बोलीची भिशी असेल तर आणखी वाईट, कारण ज्याला गरज तो ३०,००० चा डाव २६,००० वर सोडतो आणि बाकीच्या वाटून घेतात. गरजवंताकडून व्याज घ्यायचीच ती रीत. चिठ्ठी काढून नंबर ठरवायची भिशी त्या मानाने सरळ. पण गल्लीतली भिशी नोंदणीकृत नसते. एखादीने तिसऱ्या महिन्यात डाव उचलला आणि सातव्यात घर बदललं, तर तक्रार करायला हातात कागद नसतो. हप्ता संपल्यावर ओळखीच्या बायकांची ५०० ची, चिठ्ठीची भिशी धरायला हरकत नाही, पण शेवटचा नंबर घ्यायची तयारी असेल तरच.

आता जूनची फी. ती दारात उभी आहे आणि तिच्यासाठी काहीच साठलेलं नाही, तेव्हा आधी शाळेत अर्ज द्या : फी तीन हप्त्यांत, जून, सप्टेंबर, डिसेंबर. तोंडी विचारू नका. साध्या कागदावर मुलांची नावं, इयत्ता, तारखा आणि प्रत्येक तारखेची रक्कम लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. बहुतेक शाळा पूर्ण माफी देत नाहीत, हप्ते मात्र देतात. मुलीची पुस्तकं वरच्या वर्गातल्या मुलीकडून, मुलाचा गणवेश दिवाळीपर्यंत जुनाच. एवढं करूनही चार-पाच हजार कमी पडले आणि घरात एखादा दागिना असेल, तर बँकेच्या सोनेतारण कर्जाचं व्याज साधारणपणे गटाच्या वर्षाच्या २४ टक्क्यांच्या निम्म्यापर्यंत असतं. सोडवायची तारीख आधी लिहूनच दागिना गहाण ठेवायचा. मोबाईलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपच्या वाटेला मात्र जाऊ नका; तिथे प्रक्रिया शुल्क आधीच कापून घेतात आणि मुदत संपायच्या आत ओळखीच्यांना फोन जायला लागतात.

पुढचे सात महिने तीन हजार आणायचे कुठून? एका ठिकाणाहून येणार नाहीत.

सासूबाईंच्या गोळ्यांपासून सुरुवात करा. रक्तदाब आणि साखरेच्या बहुतेक गोळ्या जनऔषधी केंद्रात बाजारातल्या नावाच्या गोळ्यांच्या निम्म्याहून कमी भावात मिळतात. डॉक्टरांना चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहायला सांगा, मिलिग्रॅम जुळतात का ते बघा, आणि बदल केल्यावर पंधरा दिवसांनी रक्तदाब तपासून घ्या. महिन्याला ६०० तरी वाचावेत. त्याहून मोठी गोष्ट मिस्टरांच्या पगाराच्या पावतीत असू शकते. दहा किंवा जास्त कामगारांचा कारखाना आणि महिन्याला २१,००० पर्यंत पगार असेल तर कामगार राज्य विमा योजना लागू होते. पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, बाकीचे ३.२५ टक्के मालक भरतो. तुमच्या ५,२०० वर ते आठवड्याला ३९ रुपये होतात. कापले जात असतील तर घरातल्या सगळ्यांना, अवलंबून असलेल्या आईलाही, दवाखाना आणि औषधं मिळतात. पाच आठवडे असलेल्या महिन्यात पगार २६,००० दिसतो म्हणून कुणी "तुम्ही बसत नाही" म्हणेल. तेव्हा विमा क्रमांक आहे का एवढंच आधी विचारा. कापतच नसतील तर निदान तेवढं कळेल. पत्रात बोनसचा शब्द नाही. वीस किंवा जास्त कामगार असतील तर कायद्याने किमान ८.३३ टक्के बोनस द्यावा लागतो. मिळत असेल तर तो दिवाळीच्या आदल्या आठवड्यात नव्हे, आत्ताच हिशेबात दिसायला हवा.

मग किराणा. उधारीची वही बंद करणं हे इथलं खरं काम. दुकानदार वहीवर लिहितो तेव्हा भाव विचारला जात नाही, मुलगा बिस्किटाचा पुडा घेऊन येतो आणि तोही चढतो. एक तारखेला सगळी वही एकदम चुकती केली की पहिले दोन पगार तिथेच संपतात, आणि पुढचा महिना पुन्हा वहीवर. ही साखळी एका झटक्यात तुटणार नाही, कारण एक महिना जुनं फेडायचं आणि नवं रोखीनं घ्यायचं, असे दुप्पट पैसे लागतील. जुन्या वहीवर रेघ मारून घ्या, राहिलेले पैसे सहा आठवड्यांत समान भागांत फेडा, आणि नवीन माल रविवारी यादी करून रोखीनं घ्या. पाचव्या पगाराचा महिना यासाठी सोयीचा.

तेल घेताना एक फसगत होते. एक लिटर तेल म्हणजे एक किलो नव्हे, सुमारे ९१० ग्रॅम. १५ लिटरचा डबा साडेतेरा किलोच्या जरा वर भरतो. एका दुकानात १५ किलोचा, दुसऱ्यात १५ लिटरचा डबा असेल आणि दुसरा शंभर रुपयांनी स्वस्त असेल, तर तो स्वस्त नाहीच. पिशव्यांवरही छापील निव्वळ वजन वाचून किलोचा भाव काढा.

ज्वारी तुम्ही दहा-दहा किलो घेता. पाच माणसांच्या घरात दिवसाला दहा-बारा भाकऱ्या, भाकरीला साधारण ८० ग्रॅम पीठ, म्हणजे महिन्याला पंचवीस किलोच्या आसपास. मंगळवेढ्याकडची नवी मालदांडी फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येते, वर्षाचं धान्य तेव्हा भरायचं असतं. या वर्षी ती वेळ गेली आणि कर्ज काढून ज्वारी भरायची नसते. पुढच्या मार्चला निदान एक क्विंटल घ्या. दोन दिवस कडक उन्हात वाळवा, पण तापलेली ज्वारी तशीच पिंपात ओतू नका. आत घाम धरते, बुरशी येते. रात्रभर गार होऊ द्या, मग वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचे थर देत भरा आणि झाकण घट्ट लावा. यातून वर्षाला फार तर दीड-दोन हजार वाचतील. मात्र दिवाळीत ज्वारी महागली म्हणून घाबरायचं काम उरत नाही.

विजेबद्दल एक गैरसमज बऱ्याच घरांत आहे, की १०० युनिटच्या वर गेलं की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो. तसं नाही. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांना पहिलाच दर लागतो, १०१ ते ३०० मधल्यांना त्यापेक्षा बराच चढा. म्हणजे कमी करायची असतात ती वरची युनिटं. जुना पंखा ७५ वॅटचा. रोज सोळा तास चालला तर महिन्याला ३६ युनिट घेतो. कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास, तो १४-१५ युनिटांत भागवतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात पंखा बंद ठेवा असं कुणी म्हणू नये. पण दोन-तीन हजारांचा नवा पंखा आत्ता घेऊ नका. हप्ता संपल्यावर एक, शिलाई मशीनवरचा, कारण तोच सर्वांत जास्त चालतो.

बाकी छोटं-मोठं : केबल आणि तीन रिचार्ज बघून एक कमी करा, ३०० सुटतील. रोज गाडीवरची भाजी घेण्याऐवजी पालेभाजी आठवड्यातून दोनदा, बटाटा-कांदा-दुधी-घोसाळी एकदाच मंडईतून, २००. किरकोळमधले २००. किराण्यातले ५०० आणि गोळ्यांचे ६०० धरले की १,८०० झाले.

राहिलेले शिलाईतून येऊ शकतात. पत्राच्या मागच्या पानावर तुम्ही सहज लिहिलंय की ४,३०० रुपये गिऱ्हाइकांकडे थकले आहेत. ते "सहज" लिहायचं नव्हे. ब्लाउज हातात देताना पैसे, नाहीतर ब्लाउज दोरीवर. अस्तर तुमचं असेल तर शिलाईत न मिसळता वेगळं सांगा. गिऱ्हाइकाला अस्तराचा बाजारभाव माहीत असतो, ती त्यावर घासाघीस करत नाही. लग्नाच्या घाईचं काम नेहमीच्या दराने करू नका. एवढ्याने महिन्याला ८०० वाढले तर तुटीतले २,६०० भरले. उरलेल्या चारशेचे सात महिन्यांत २,८०० होतात. बोनस मिळत असेल तर तो ते सहज पेलेल.

हे सगळं रोज डोक्यात ठेवायचं नाही. एकच विभागणी करा : मिस्टरांच्या पगारावर महिना, तुमच्या शिलाईवर वर्ष. शनिवारी ४,८०० आले की २,८५० आठवड्याच्या पाकिटात, त्यात किराणा, दूध, भाजी, पेट्रोल, किरकोळ. राहिलेले १,९५० ठरलेल्या खर्चांच्या डब्यात : हप्ता, वीज, गॅस, क्लास, रिक्षा, रिचार्ज, जार, गोळ्या. पाचव्या शनिवारचे १,९५० मात्र वेगळ्या पाकिटात, कारखाना बंद असेल त्या आठवड्यासाठी. भिंतीवरच्या कालनिर्णयावर पाच शनिवारांचे महिने आजच गोल करून ठेवा. शिलाईतले हजार-अकराशे ठरलेल्या खर्चांना हातभार म्हणून द्यावे लागतील. बाकी जे येईल ते सगळं वर्षाच्या खात्यात. शिलाईचे पैसे कमी-जास्त येतात आणि वर्षाचे खर्चही तसेच येतात, म्हणून ही जोडी जमते. रोजच्या दुधाला असा बेभरवशाचा पैसा लावला की ओढाताण होते.

वर्षाचं खातं निराळं हवं. पोस्टाचं बचत खातं ५०० रुपयांत उघडतं. त्याला मोबाईलवरून पैसे पाठवायची सोय जोडू नका. पोस्टाची आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची ठेव, पाच वर्षांची असते, फीसाठी ती कामाची नाही. हप्ता संपल्यावर बँकेत बारा महिन्यांच्या दोन आरडी काढा, एक मेमध्ये सुरू होऊन पुढच्या मेमध्ये संपणारी, दुसरी तशीच सप्टेंबरची.

मिस्टरांकडे राहणाऱ्या ४०० रुपयांबद्दल तुम्ही जरा रागाने लिहिलंय. ते मागू नका. चहा, पंक्चर, कारखान्यातल्या कुणाच्या घरचं कार्य यासाठी माणसाच्या खिशात काहीतरी लागतं. नसेल तर तो उसने घेतो आणि ते तुम्हाला उशिरा कळतं. उलट किरकोळमधून आठवड्याला १०० रुपये स्वतःसाठी काढा आणि वहीत लिहू नका.

बोलायचं ते शनिवारी पगाराच्या दिवशी नको, रविवारी जेवणानंतर. वही पुढे ठेवू नका, तिच्यात कोथिंबीर सापडते आणि भांडण तिथूनच सुरू होतं. दोन कागद ठेवा : एकावर वर्षाचे ६७,०००, खर्च आणि महिना लिहून. दुसऱ्यावर गटाचा हप्ता आणि त्यापुढे सात चौकोन, जून ते डिसेंबर. तो कागद फ्रिजवर चिकटवा आणि दर महिन्याला हप्ता भरून आल्यावर काट मिस्टरांनाच मारायला सांगा.